वाऱ्याची लाइन आणि बाबांची गाठ

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला अंधश्रद्धाळू म्हणून झोडपायला नको. या ग्रुपवरचे निम्मे भुताखेताचे अनुभव मी हसायला म्हणून वाचते. पिंपळाखालची बाई, मागून आलेली हाक, वळून बघितलं तर कोणीच नाही... वाचते, हसते आणि डबा उघडते. माझ्या कामात प्रत्येक गोष्टीला कारण असतं. लाइन ट्रिप झाली, म्हणजे बिघाडामुळे बंद पडली, की रिले नावाचं यंत्र सांगतं का झाली आणि साधारण कुठे झाली. नाही सांगितलं तर आम्ही शोधतो. 'आपोआप झालं' असं लिहून दिलं तर साहेब तो कागद माझ्याच अंगावर फेकतील. आणि बरोबरच आहे त्यांचं.

तरी हा एक दिवस मला लिहायचाच होता. कारणं माझ्याकडे आहेत, नाहीत असं नाही. पण जोडायला गेलं की कुठेतरी फट राहतेच.

मी चंद्रपूर जिल्ह्यात एका सबस्टेशनला ऑपरेटर आहे. नाव देत नाही, अजून बरीच नोकरी करायची आहे. गडचांदूरची सिमेंटची धूळ जिथे संपते आणि माणिकगडचे डोंगर सुरू होतात, त्या बाजूला समजा. आमच्याकडून एकशे बत्तीस केव्हीची एक लाइन निघते. आधी हरभरा-कापसाच्या शेतांवरून जाते, मग सागाच्या रानात शिरते, घाट चढते आणि वर पठारावर पोचते. पूर्वी ही लाइन म्हणजे एका बाजूने पाणी सोडलेला पाट होती. आमच्याकडून दार टाकलं की पुढे सगळं कोरडं. मग पठारावर एका कंपनीच्या पवनचक्क्या आल्या. आता पाटाला दुसऱ्या टोकानेही पाणी यायला लागलं. वारा असला की तिकडून वीज खाली येते, नसला की आम्ही वर पाठवतो.

दोन टोकांची लाइन सांभाळणं कटकटीचं असतं. तार तुटली तर दोन्हीकडचे ब्रेकर उघडायला हवेत, म्हणजे दोन्हीकडून वीज तोडायला हवी. आमच्या बाजूला मोठं ग्रिड आहे, फॉल्ट झाला की करंट असा उसळतो की रिलेला लगेच कळतं. वाऱ्याच्या विजेत तो जोर नसतो. तार सुक्या जमिनीवर पडली तर पठारावरच्या रिलेला वाटतं, असेल कोणाचा तरी पंप सुरू झाला. म्हणून आमचा ब्रेकर उघडला की एक निरोप आपोआप वर जातो — तूही उघड. हा निरोप जातो टॉवरच्या अगदी शेंड्यावरून जाणाऱ्या तारेतल्या फायबरमधून. आमचा पठाराशी बोलायचा फोनही त्याच फायबरवर. एवढं लक्षात ठेवा, बाकी टेक्निकल काही सांगणार नाही.

माझा नवरा सुधाकर याच लाइनवर आहे. पेट्रोलिंग करतो, म्हणजे टॉवर टॉवर पायी फिरून लाइन बघतो. पाट एकतर्फी होता तेव्हापासून तो इथे आहे. कोणत्या टॉवरपाशी कोणतं झाड डोकं वर काढतंय, कोणत्या खांद्यावर माकडं बसतात, त्याला सगळं पाठ.

आणि आमच्या घरात तिसरे म्हणजे माझे सासरे, बाबा. लोक त्यांना श्रावणबाबा म्हणायचे. सासरचं घराणं गारपगाऱ्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्याकडे गावावर गारपीट येऊ नये म्हणून ती अडवणारा एक माणूस असायचा, तो गारपगारी. ढग काळानिळा झाला की तो गावाकडे तोंड करून बसायचा आणि ढग जाईपर्यंत उठायचा नाही. त्याबद्दल पीक निघालं की घरोघरून त्याला पायलीभर धान्य. आता हे कुठेच राहिलं नाही, पोरं नोकऱ्यांना लागली. सुधाकरला तर कोणी आठवण करून दिली तरी राग यायचा. पण बाबा क्वार्टरमध्ये राहायला आले तरी फाल्गुनात ढग दिसला की दुपट्टा घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे. दुपट्ट्याच्या पदराला गावच्या शेतातली चिमूटभर माती बांधलेली असायची. त्यांचं गाव आमच्या ओट्यावरून दिसतं, डोंगराच्या पायथ्याशी, सपाट शेतांच्या मधोमध. गावातली चार-सहा घरं अजूनही त्यांच्यासाठी धान्य काढून ठेवायची.

मी त्यांना चिडवायची. "बाबा, तुम्ही म्हणजे गावाचे लायटनिंग अरेस्टर." अरेस्टर म्हणजे यार्डात आम्ही लावतो ते, वीज पडली तर स्वतःवर घेणारं. त्यांना समजावून सांगितलं तेव्हा इतके हसले की खोकला आला. "त्याले पगार राह्यते का वं?" म्हणाले. नाही म्हटलं. "मंग आपलाच भाऊ आहे तो," म्हणाले.

तर तो दिवस. मोहफुलं पडायचे दिवस होते आणि सागाची पानं वाळून लोंबत होती. ज्यांनी सागाचं रान त्या दिवसांत ऐकलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. सुपाएवढी कडक पानं, थोडा वारा आला तरी सगळं रान खडखडतं. शेजारी उभा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. दुपारी आभाळ भरून आलं, वारा सुटला. पठारावरच्या चक्क्या जोरात होत्या, वरून भरपूर वीज येत होती. आणि एकदम लाइन ट्रिप झाली. आमचा ब्रेकर उघडला, भोंगा वाजला, मी भोंगा बंद करून रिले वाचला. घाटाच्या पायथ्याचं रान दाखवत होता.

सुधाकर त्याच बाजूला होता. मी फोन लावायच्या आत त्याचाच आला. तिथे एका उंचवट्यावरच्या मोहाच्या झाडापाशी तेवढं नेटवर्क मिळतं.

"ज्योती, सागाचं झाड पडलं लाइनवर. एक तार खाली आली, सीधी पायवाटेवर. शेंड्यावरची पण तुटली."

"आमचा ब्रेकर उघडलाय," मी म्हटलं. "तुम्ही थांबा, मी पठाराचं—"

"तू उघडली न? मंग झालं. बायका मोह वेचाले गेल्या आहेत, याच वाटेनं वापस येतीन. मी अर्थिंग लावून टाकतो, अन् सोबतचा हेल्पर त्यायले पल्याडून अडवते."

आणि फोन बंद. तो उंचवट्यावरून खाली उतरलासुद्धा असेल. तू उघडली न, मग झालं... कितीतरी वर्षं हेच खरं होतं. आम्ही दार टाकलं की पुढे कोरडं. त्याच्या हातापायांना तीच सवय. डोक्याला माहीत होतं पवनचक्क्या आल्या, पण वाटेवर पडलेली तार आणि तिकडून येणाऱ्या बायका दिसल्यावर माणूस डोक्याने चालत नाही, सवयीने चालतो.

मी पॅनलकडे वळले. आमच्याकडे लाइनच्या बाजूने व्होल्टेज दाखवणारा एक मीटर आहे. मेलेल्या लाइनचा काटा शून्यावर निजलेला असतो. हा निजलेला नव्हता. वर होता. आणि डुलत होता.

एक क्षण मला वाटलं मीटर बिघडला. मी काचेवर टिचकी मारली, वेड्यासारखी. काटा डुलतच राहिला. मग सगळं एकदम कळलं. शेंड्यावरची तार तुटली म्हणजे फायबर तुटलं. आमचा निरोप वर गेलाच नाही. तिकडच्या रिलेला जमिनीवर पडलेली तार फॉल्ट वाटलीच नाही. पठारावरची दोन-चार गावं आणि त्या चक्क्या मिळून स्वतःचंच एक छोटं ग्रिड चालवत बसल्या होत्या. पुस्तकात याबद्दल लिहिलेलं असतं की असं फार काळ टिकत नाही. टिकलं होतं. रानात पायवाटेवर पडलेली तार जिवंत होती आणि माझा नवरा हातात तार जमिनीशी जोडायची अर्थिंगची काठी घेऊन तिच्याकडे चालला होता. असल्या तारेला हात लावायचीसुद्धा गरज नसते. जवळ गेलं तरी जमीनच माणसाला मारते.

मी पठाराचा फोन उचलला. मेलेला. अर्थातच मेलेला, तोही त्याच फायबरवर. सुधाकरचा मोबाईल — नेटवर्कच्या बाहेर. कंपनीच्या पठारावरच्या माणसाचा मोबाईल — नेटवर्कच्या बाहेर. माझ्यासोबत ड्युटीला रहीमभाऊ होते, आमचे टेक्निशियन, वयाने मोठे. मी काट्याकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला.

"या खुदा! सुधाकरभाऊ कुठी आहेत?"

"खाली उतरले."

ते लगेच फोनांकडे वळले. एका हाताने लोड डिस्पॅचला, म्हणजे ग्रिडच्या नियंत्रण केंद्राला, फोन लावला, दुसऱ्या हाताने स्वतःच्या मोबाईलवरून पठाराजवळच्या गावातल्या ओळखीच्या दुकानदाराला. डिस्पॅचवाले म्हणाले कंपनीच्या ऑफिसला कळवतो. कंपनीचं ऑफिस कुठल्या कुठे, शहरात. दुकानदार म्हणाला, चक्क्यांपर्यंत जायला गाडी काढतो. गाडी काढून तो पोचेपर्यंत... मी आकडेमोड करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सुधाकर आता पायवाटेला लागला असेल. गाडी घेऊन आम्ही निघालो तरी रान लागायच्या आधीच सगळं होऊन गेलं असतं.

आणखी एक गोष्ट केली ती सांगते. यार्डात पळत गेले. लाइनला जमिनीशी जोडणारा एक स्विच असतो, अर्थ स्विच. तो मारला असता तर चक्क्यांचं ते छोटं ग्रिड धाडकन कोसळलं असतं. जिवंत लाइनवर तो मारणाऱ्याचं काय होतं ते मला माहीत होतं. त्या वेळी चाललं असतं. पण लाइन जिवंत असेल तर तो स्विच हलूच नये असं कुलूप त्याला असतं, आमच्याच भल्यासाठी लावलेलं. मी हँडलला लोंबकळले. शिव्या दिल्या. रडले. तसूभर हललं नाही. ज्या सुरक्षेची मी ट्रेनिंगमध्ये पोरांना टिमकी वाजवून दाखवते, तिनेच माझे हात बांधून ठेवले होते.

हँडल सोडून वळले तर कुंपणापलीकडे आमच्या क्वार्टरचा ओटा. ओट्यावर बाबा. गावाकडे तोंड, मांडीवर दुपट्टा, पदराची गाठ दोन्ही मुठींत. गावावर ढग आला होता तो मी तोपर्यंत पाहिलाच नव्हता. पोटाकडून हिरवट झालेला, गारेचा असतो तसा.

मी कुंपणाच्या फाटकातून कशी गेले आठवत नाही. त्यांच्या पायाशी जाऊन बसले.

"बाबा, वारा थांबवा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "का झालं?"

"तार तुटली अन् हे तिकडे गेले. इकडून बंद केली मी, पण वरून चक्क्यांची वीज येऊन राह्यली. वारा थांबला तर चक्क्या थांबतीन. कोणाचा फोन लागत नाही बाबा, काहीच होऊन नाई राह्यलं... तुम्ही थांबवा न जी!"

हे मी बोलले. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेतलेली, त्यांना लायटनिंग अरेस्टर म्हणणारी मी. आणि सांगते, त्या क्षणी मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. ज्याला जे फोन लावता येत होते ते लावून झाले होते, हाही एक फोनच होता.

"मले गार जमते बाई," ते म्हणाले. "वारा माह्या बापानं बी कधी बांधला नाई. वारा साऱ्यायचा दम आहे. त्याले नाई बांधत."

"बाबा, सुधाकर मरतीन हो!"

आता त्यांनी मान वळवली. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा गावाकडे पाहिलं. ढग गावाच्या अगदी माथ्यावर होता.

"गाठ एकच राह्यते," ते म्हणाले. "ही सोडल्याबिगर दुसरी नाई बांधता येत. हरभरा उभा आहे लोकायचा. काय सोडू, सांग."

मला त्यांचं बोलणं नीट कळलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचंच नव्हतं.

"काहीही सोडा," मी म्हटलं. "बाबा, काहीही सोडा!"

त्यांनी गाठ सोडली. माती ओट्यावर सांडली. रिकामा पदर तोंडाशी नेला, त्यात एक लांब श्वास सोडला, अगदी पोटातून, आणि तो आत असतानाच पदराला गाठ मारली. मग ती मूठ छातीशी धरून डोळे मिटले. मंत्र नाही, अंगात येणं नाही, काही नाही. तेवढंच.

आणि वारा पडला.

हळूहळू कमी झाला असं नाही. क्वार्टरच्या मागच्या पत्र्याचा आवाज मध्येच तुटला. दोरीवरचे कपडे लोंबले. कडुलिंबाची पानं जिथल्या तिथे थांबली. कावळेही गप्प झाले. इतकं शांत झालं की यार्डातल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ओट्यापर्यंत ऐकू यायला लागली.

मी उठून कंट्रोल रूमकडे पळाले. रहीमभाऊ मीटरसमोर उभे होते. काटा अजून वरच होता. डुलत नव्हता, पण वर होता. चक्क्यांची पाती जड असतात, वारा गेला म्हणून लगेच थांबत नाहीत, हे मला माहीत होतं आणि ऐन वेळी विसरले होते. आम्ही दोघे त्या काट्याकडे बघत उभे राहिलो. तो उतरायला लागला, पण किती सावकाश, जसा काही मुद्दाम. रहीमभाऊंचे ओठ हलत होते. मला एकच दिसत होतं — तो तारेपर्यंत पोचला असेल. आता पोचला असेल. आता काठी उचलली असेल. काटा शून्यावर येऊन निजला तेव्हा मला आनंद वाटला नाही. मला वाटलं, उशीर झाला.

मी खाली बसले. फरशीवर. रहीमभाऊंनी पाणी दिलं ते तसंच हातात राहिलं. बाहेर लांबून कोणीतरी खडी ओतावी तसा आवाज येत होता. खिडकीतून गाव दिसत नव्हतं, नुसता पांढरा पडदा. वारा नव्हता त्यामुळे ढग पुढे सरकलाच नव्हता. गावाच्या डोक्यावर उभा राहून रिकामा होत होता.

मग फोन वाजला. सुधाकरचं नाव. मला उचलवेना. रहीमभाऊंनी उचलला, ऐकलं, आणि माझ्या कानाला लावला.

"ज्योती, तार जित्ती होती वं," तो म्हणत होता. "तार जित्ती होती!"

मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग रडत ओट्यावर गेले. बाबा तसेच बसले होते, ओठ निळसर, छाती जेमतेम हलत होती. "वाचले बाबा, फोनवर बोलले माझ्याशी," मी म्हटलं. त्यांनी गाठ सोडायचा प्रयत्न केला, बोटांनी जमेना. माझ्यापुढे धरली. मी नखांनी सोडवली. पत्रा पुन्हा धडधडायला लागला.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, गारेच्या ढगाआधी वारा असाच पडतो. मलाही माहीत आहे, मी लहानपणापासून पाहत आले आहे. वारा सुटायचाही असाच सुटतो. यात काही नाही, असं मी स्वतःला संध्याकाळपर्यंत बजावत होते.

संध्याकाळी सुधाकर घरी आला. चहा घेतला आणि सांगायला लागला. तारेपासून थोडाच लांब होता. सागाची पानं खडखडत होती, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. काठी सरळ केली, पुढे पाय टाकणार...

"अन् एकदम रान बंद झालं," तो म्हणाला. "जसं कोणी बटन दाबलं. एक पान हालून नाई राह्यलं. अन् त्या शांततेत मले ऐकू आलं. घूंऽऽ. तार बोलून राह्यली होती. वाळल्या पाल्यात चर्रचर्र. मी पाय जिथल्या तिथी ठेवला अन् दोन्ही पाय जोडून तसाच मागं सरकत आलो."

मी विचारलं, मग आवाज कधी बंद झाला? तर म्हणाला, तो मागे येऊन, झाडाला टेकून, पाणी पिऊन, बरंच झाल्यावर. तेव्हा कुठे घूं बारीक होत होत विझलं.

म्हणजे बघा. मी वारा थांबवा म्हटलं होतं चक्क्या थांबाव्यात म्हणून. चक्क्यांच्या भरवशावर राहिले असते तर तो गेला असता, त्या फार उशिरा थांबल्या. मी मागितलेलं कारणच चुकीचं होतं. त्याला वाचवलं ते शांततेने. तार ऐकू यावी इतकी शांतता — हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बाबांना तर तार बोलते हेही माहीत नव्हतं. की होतं? मी कधी विचारलं नाही.

पठारावरचा ऑपरेटर दोन दिवसांनी भेटला. तो म्हणाला, "मॅडम, हवा गेली, पण अशी कधी जात नाही. पठारावर इकडून गेली तर तिकडून येते. त्या दिवशी कुठूनच नव्हती." नंतर फायबर जोडलं, वरच्या रिलेची सेटिंग बदलली, निरोप जायला दुसरा मार्ग घातला. तारेवर पडलेल्या झाडाचा, तुटलेल्या फायबरचा, गाफील रिलेचा सगळा खुलासा रिपोर्टमध्ये आहे. वाऱ्यासाठी रिपोर्टमध्ये रकाना नाही.

आता उरलेलं सांगते, ते सांगायला मला जास्त जड जातं.

गावाचा हरभरा गेला. गहू आडवा झाला, लाखोळीची डाळ चिखलात मिसळली, आंब्याचा मोहोर झडून बुंध्याशी ढीग लागला. आजूबाजूच्या गावांवर दोन-चार गारा. आमच्या गावावर तेवढी पांढरी चादर. आम्ही बघायला गेलो तेव्हा एक म्हातारी बांधावर बसून हरभऱ्याच्या फुटलेल्या घाट्यांतले दाणे चिखलातून वेचत होती. बाबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. ती म्हणाली, "श्रावणबाबा, तुमचं बी वय झालं जी. एवढ्या वर्सात गार कधी येऊ नाई देल्ली तुम्ही." तिने तक्रार केली नव्हती. समजूत काढली होती त्यांची. सुधाकर बाजूलाच उभा होता, धडधाकट, चपलेचा चिखल झाडत. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

पुढे तीच म्हातारी, ज्यांचं काही उरलं होतं त्यांच्याकडून मागून, बाबांचं धान्य घेऊन आमच्या दारात आली. पायली भरली नव्हती. बाबांनी ते तिच्या पदरात परत ओतलं. ती रागावली, मग घाबरली, की बाबा गावाला सोडून देतायत. बाबा घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मी दारात उभी होते. 'काहीही सोडा' हे माझं वाक्य, आणि ते ऐकणारे आम्ही दोघंच.

त्या दिवसानंतर त्यांना दम लागायचा. डॉक्टर म्हणाले वय आहे, सिमेंटची धूळ आहे. असेलही. ढग आला की ते ओट्यावर जायचे नाहीत. पुढच्या फाल्गुनात एकदा आभाळ हिरवट झालं तेव्हा त्यांनी मला हाक मारली. दुपट्टा उशाखालून काढून माझ्या हातात दिला. पदराला नवी माती होती, कोणाकडून आणवली कोणास ठाऊक.

"माह्यानं आता नाई होत," म्हणाले. "तू सोडाले सांगतलं. आता तूच बांध."

रागाने म्हणाले नाहीत. काम वाटून द्यावं तसं. त्याच वर्षी पावसाळ्यात ते गेले.

सुधाकरला मी सगळं सांगितलंय. तो म्हणतो वारा पडला, मी ऐकलं, वाचलो, बस. पण बोलता बोलता गावाकडे बघायचं टाळतो.

मला काय वाटतं ते विचारू नका. गार बांधता येत नाही. वारा बांधता येत नाही. हे मी आजही कोणालाही समजावून सांगेन, फळ्यावर आकृती काढून. गेल्या फाल्गुनात ड्युटीवर असताना ढग आला आणि दुपट्टा घरी होता. मी ओढणीच्या टोकाला यार्डातली माती बांधली, खुर्ची गावाकडे फिरवली आणि बसले. रहीमभाऊंनी पाहिलं. फोन स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाले, "बसा मॅडम, लाइन मी पाहतो."

माझा विश्वास नाही हो. पण म्हातारीचा हरभरा घाट्याला आला होता, आणि ढग गावावरून पूर्ण सरकेपर्यंत मी मूठ उघडली नाही.